अंदाजाचे ऋण

हिवाळ्याच्या दिवसांत पहाटे लखनौच्या चौकात गेले, तर गोल दरवाज्याच्या आसपास मोठ्या पराती मांडून बसलेले विक्रेते दिसतात. परातीत फिकट केशरी रंगाचा, फेसासारखा हलका असा एक पदार्थ असतो. तेथे त्याला मक्खन-मलाई म्हणतात. निमिष असेही त्याचे एक नाव आहे. दूध उकळून रात्रभर उघड्यावर, दवात ठेवायचे, पहाटे ते घुसळायचे आणि वर येणारा फेस अलगद उचलून घ्यायचा, अशी त्याची कृती आहे. ऊन चढले की हा फेस विरू लागतो. सकाळी जे विकले गेले नाही ते संध्याकाळसाठी राखून ठेवता येत नाही.

या विक्रेत्याला रोज रात्री एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. उद्या गिऱ्हाईक किती येईल? दूध कमी घेतले तर परात लवकर रिकामी होते आणि मागून आलेली माणसे हात हलवीत परत जातात. जास्त घेतले तर उरलेला माल डोळ्यांदेखत विरतो. त्याच्यापाशी समीकरण नाही. थंडीचा कडाका, लग्नसराई, सुट्टीचा वार एवढ्यावर तो अदमास बांधतो. परंतु त्याच्या अदमासात दोन गुण आहेत. तो चुकला तर त्याची किंमत बव्हंशी तो स्वतः भरतो. आणि जे गिऱ्हाईक परत जाते, त्याचा चेहरा त्याला दिसतो.

मराठी वाचकाला हा चौक अगदीच परका नाही. ज्यांनी गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’चा ‘आँखों देखा गदर’ या नावाने हिंदी अनुवाद केला, ते कादंबरीकार अमृतलाल नागर याच मोहल्ल्यात राहत. गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा यांच्यामधली ती अरुंद बाजारपेठ, चिकनकामाची आणि अत्तरांची दुकाने, फुलांचा बाजार यांतून हिंडताना मला मात्र इतिहासापेक्षा एका निराळ्याच गोष्टीची आठवण होत राहिली. माझ्या उमेदीची वर्षे अदमास बांधण्याच्याच धंद्यात गेली आहेत. बँका, रेल्वे, विमा कंपन्या, करवसुलीची खाती, रुग्णालये यांचा कारभार ज्या अवाढव्य संगणकप्रणालींवर चालतो, त्या प्रणाली किती भार पेलतील आणि भार वाढला तर माणसाला किती वेळ थांबावे लागेल, हे प्रणाली चालू होण्याआधी सांगणे हा तो धंदा. परातीमागे बसलेल्या त्या माणसात आणि माझ्यात जे अंतर आहे, ते केवळ विद्येचे नाही, नीतीचेही आहे, असे मला त्या सकाळी वाटले. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

या विद्येचे मूळ रांगेच्या गणितात आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली त्याचा पाया घातला. किती तारा टाकल्या म्हणजे किती लोकांना संभाषण करता येईल, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. पुढे १९५७ साली जेम्स जॅक्सन यांनी एकमेकींना जोडलेल्या अनेक रांगांचे गणित मांडले. १९६१ साली जॉन लिटल यांनी एक साधा आणि म्हणूनच विलक्षण नियम सिद्ध केला. आणि १९७०च्या दशकात हे सारे संगणकाला लागू झाले. एखादा व्यवहार घ्यावा, त्याचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याला कोणत्या यंत्रावर किती वेळ लागतो हे मोजावे आणि त्यावरून संपूर्ण प्रणालीचे प्रतिमान उभारावे, अशी ही पद्धत आहे. एका व्यवहारासाठी डेटाबेसला वीस सहस्रांश सेकंद लागत असतील, तर एका सेकंदात पन्नासांहून अधिक व्यवहार होणार नाहीत. मग बाकीची यंत्रे कितीही वेगवान असोत. गोल दरवाज्यातून आत येणाऱ्या सायकलरिक्षांची संख्या शेवटी त्या कमानीची रुंदीच ठरविते.

या गणितातील सर्वांत बोधप्रद गोष्ट म्हणजे प्रतीक्षा भाराच्या प्रमाणात वाढत नाही. एकच खिडकी आहे आणि माणसे कोणताही क्रम न ठरवता येत आहेत असे धरा. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल, तर सरासरी प्रतीक्षा एका कामाला लागणाऱ्या वेळेइतकी असते. ती ऐंशी टक्के वेळ गुंतलेली असेल तर चौपट, नव्वद टक्के असेल तर नऊपट आणि पंच्याण्णव टक्के असेल तर एकोणीसपट. नव्वदावरून पंच्याण्णवावर जाताना खिडकीचा फक्त रिकामा वेळ कमी झालेला असतो. रांगेतल्या माणसाचा खोळंबा मात्र दुपटीहून अधिक होतो. संस्थेच्या हिशेबाने पंच्याण्णव टक्के वापर ही काटकसर ठरते. ती काटकसर कोणाच्या वेळातून झाली, हे ताळेबंदात कोठेही लिहिलेले नसते.

येथे शास्त्र संपून नीतीचा प्रश्न सुरू होतो. ग्रहणाचे भाकीत केल्याने ग्रहण बदलत नाही. हवामानाचा अंदाज चुकला म्हणून पाऊस बांधला जात नाही. परंतु माणसाने उभारलेल्या प्रणालीविषयीचा अंदाज हा निव्वळ अंदाज नसतो. त्यावरून किती यंत्रे विकत घ्यायची हे ठरते, आणि यंत्रांवरून कोणी किती थांबायचे हे ठरते. असा अंदाज सत्य सांगत नाही, तो सत्य घडवतो. किंबहुना तो एक वचनच असतो. आणि ज्यांना ते दिले जाते त्यांना आपल्याला असे काही वचन दिले गेले आहे, याची गंधवार्ताही नसते.

या वचनात काय दडलेले असते, हे पाहण्यासाठी रेल्वेचे उदाहरण घेऊ. १९८५ साली दिल्लीत आरक्षणाचे काम संगणकावर आले, १९९९ पर्यंत देशभरची आरक्षणकेंद्रे एकमेकांना जोडली गेली आणि २००२ साली घरबसल्या तिकीट काढण्याची सोय झाली. २०१४च्या रेल्वे अर्थसंकल्पात नव्या प्रणालीची दोन उद्दिष्टे जाहीर झाली. मिनिटाला २,००० ऐवजी ७,२०० तिकिटे निघावीत आणि १,२०,००० माणसांना एकाच वेळी प्रणालीत राहता यावे. हे मोठेच काम होते, यात शंका नाही. आता लिटल यांचा नियम लावून पाहा. आत असलेल्यांची सरासरी संख्या ही बाहेर पडण्याचा वेग आणि आत राहण्याचा सरासरी वेळ यांच्या गुणाकाराइतकी असते. मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२०. आत सव्वा लाखाच्या आसपास माणसे आहेत आणि त्यांतील प्रत्येक जण तिकीट घेऊनच बाहेर पडणार असे धरले, तर प्रत्येकाला सरासरी १,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटे आत राहावे लागेल. प्रत्यक्षात इतका वेळ लागत नाही, कारण पुष्कळ जण नुसती चौकशी करण्यासाठी आलेले असतात आणि पुष्कळ जण तिकीट न घेताच निघून जातात. यातला दुसरा वर्ग महत्त्वाचा आहे. जे कंटाळून, हताश होऊन बाहेर पडतात, ते आपली जागा मोकळी करून देतात. उरलेल्यांना मिळणारा वेग अंशतः त्यांच्या माघारीवर उभा असतो.

एर्लांगच्या अत्यंत प्रसिद्ध सूत्रात हेच गृहीत आहे. सर्व तारा गुंतलेल्या असताना जो फोन करील, तो निघून गेला आणि पुन्हा आला नाही असे त्या सूत्रात धरलेले आहे. गणिताच्या सोयीसाठी ते योग्यच होते. पण गणितात जो निघून गेला, तो जगात कोठेतरी गेलेला असतो.

तो कोठे जातो, हे मला एकदा पाहावयास मिळाले. एका बँकेच्या नव्या प्रणालीच्या चाचणीचा अहवाल मी लिहिला होता. शंभरांतील पंच्याण्णव व्यवहार दोन सेकंदांच्या आत पुरे होतात, असा त्याचा निष्कर्ष होता आणि तो खोटा नव्हता. ज्या व्यवहारांना उत्तर येण्यापूर्वीच ते सोडून दिले गेले, त्यांच्या नोंदी आम्ही ‘अपूर्ण’ या सदराखाली वेगळ्या काढल्या होत्या. जे उत्तर आलेच नाही, त्याला लागलेला वेळ कसा मोजणार? तर्काला धरूनच होते ते. काही महिन्यांनी, महिन्याच्या पहिल्या तारखेला, एका तालुक्याच्या गावातील शाखेत मी बसलो होतो. निवृत्तिवेतनाचा दिवस होता. एका वृद्ध बाईंचे खाते उघडेना. कारकुनाने अर्धा मिनिट वाट पाहिली, व्यवहार रद्द केला, “सर्व्हर डाउन आहे, आजी, उद्या या,” म्हणाला आणि पुढच्या माणसाचे पुस्तक हाती घेतले. पुढच्याचे काम लगेच झाले. आजी काही बोलल्या नाहीत. पासबुक पिशवीत घातले आणि एसटीच्या थांब्याकडे निघाल्या. कारकुनाने रद्द केलेला तो व्यवहार म्हणजेच माझ्या तक्त्यातील एक ‘अपूर्ण’ नोंद होती. त्या दिवशीचा तक्ता काढला असता, तर तोही निर्दोषच निघाला असता.

नंतर कारण शोधले, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. त्या बाईंचे खाते फार जुने होते. त्यात अनेक वर्षांच्या नोंदी होत्या, दिवंगत पतीचे नाव त्यावर अजून होते, आणि ते खाते उघडताना प्रणालीला इतरांच्या मानाने कितीतरी अधिक शोधाशोध करावी लागत होती. शंभरांतील शेवटचे पाच कोण, हे दैवावर सोडलेले आहे अशी आमची समजूत होती. ती चूक होती. त्या पाचांत बव्हंशी तीच तीच माणसे पुन्हा पुन्हा येत होती. जुन्या खात्यांची, गुंतागुंतीच्या कागदपत्रांची, दूरच्या गावांची, मंद जोडणीची माणसे. ज्यांचे आयुष्य सरळ आहे त्यांचा व्यवहार जलद होतो. ज्यांच्या आयुष्याला गाठी पडल्या आहेत त्यांना यंत्रही थांबवून ठेवते.

सरासरीचा हा दोष जुनाच आहे. तो केवळ संगणकाचा नव्हे. एकाच खिडकीपुढे जमलेल्या माणसांची सरासरी प्रतीक्षा कमीत कमी करावयाची असेल, तर ज्याचे काम सर्वांत लहान त्याला आधी घ्यावे, असे गणिताने सिद्ध करून दाखविता येते. पण लहान कामे एकामागून एक येतच राहिली, तर ज्याचे काम मोठे आहे त्याची पाळी कधीच येत नाही. सर्वांच्या हिताची बेरीज मोठी करणे हेच नीतीचे ध्येय मानणाऱ्यांना हा नियम नाकारणे कठीण जाईल. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या न्यायविषयक ग्रंथात जॉन रॉल्स यांनी उलट बाजूने पाहण्यास सुचविले. जो सर्वांत मागे आहे, त्याच्या जागी उभे राहून व्यवस्थेची परीक्षा करावी. प्रणालीचे प्रतिमान बांधणारा या वादात आपण पडलेलोच नाही, असे समजतो. वस्तुतः कोणता आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर द्यावयाचा, हे ठरवितानाच त्याने आपली बाजू निवडलेली असते.

चाचणीच्या साधनांतही हा पक्षपात नकळत शिरतो. प्रणालीवर कृत्रिम भार टाकणारी काही साधने अशी असतात, की आधीच्या विनंतीचे उत्तर आल्याखेरीज ती पुढची विनंती पाठवीतच नाहीत. प्रणाली दहा सेकंद अडखळली, तर साधनही दहा सेकंद अदबीने थांबते. त्या काळात खऱ्याखुऱ्या जगातून ज्या शेकडो विनंत्या येऊन आदळल्या असत्या, त्यांची नोंदच होत नाही. एकच विनंती मंद होती असे दिसते. लखनौच्या ‘पहले आप’ची गोष्ट सर्वश्रुत आहे. दोन नवाब एकमेकांना आधी चढण्याचा आग्रह करीत राहतात आणि गाडी निघून जाते. आमचे साधन त्या नवाबांच्या कुळातले. ज्याची परीक्षा घ्यावयाची, त्यालाच ते ‘पहले आप’ म्हणते. माणसामाणसांतील अदब हा सद्गुण खराच, पण परीक्षकाने परीक्ष्याशी दाखविलेली अदब ही तिसऱ्याच कोणाशी केलेली बेइमानी ठरते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. साधने मर्यादित असतात. प्रत्येकाला तत्काळ सेवा देणारी प्रणाली उभारणे शक्य नाही, आणि शक्य असले तरी तो पैसा अन्यत्र अधिक उपयोगी पडेल. मग अंदाज बांधणाऱ्याचा दोष तो काय? दोष टंचाईचा नाही, हे मी मान्य करतो. कित्येकदा टंचाई प्रणालीत नसतेच. २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविन प्रणालीवर लसीकरणाची नोंदणी खुली झाली. आरंभी अनेकांना आत शिरणेच जमेना. तरीही दिवस संपेपर्यंत एक कोटीहून अधिक नोंदणी झाली. एवढा भार पेलणे हे अभियांत्रिकीच्या दृष्टीने कौतुकास्पदच होते. परंतु नोंदणी म्हणजे लस नव्हे. मात्रा मोजक्या होत्या, आणि ज्याची बोटे चपळ, जोडणी वेगवान व भाषा सरावाची, त्याला वेळ मिळे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१च्या आदेशात हाच प्रश्न विचारला. ज्यांच्यापाशी ही साधने नाहीत, त्यांनी काय करावे? रेल्वेच्या तिकिटांचेही तेच. मिनिटाला कितीही तिकिटे निघोत, गाडीतल्या बर्थ तेवढ्याच राहतात. वेग वाढविल्याने टंचाई मिटत नाही. ती फक्त अधिक लवकर वाटली जाते आणि वाटपात धीम्या माणसाचा वाटा घटतो. प्रणाली किती वेगाने चालेल, या प्रश्नाचे अचूक उत्तर देऊनही आपण चुकीच्याच प्रश्नाचे उत्तर दिलेले असू शकते.

तेव्हा अंदाज बांधणाऱ्याकडून अपेक्षा टंचाई नाहीशी करण्याची नाही. टंचाई कोणाच्या अंगावर पडणार हे जाणून घ्यावे आणि जाणले ते सांगावे, इतकीच आहे. अंदाज बांधून त्याने अपरिचितांचा वेळ खर्ची घातलेला असतो. ते ऋण आहे. ऋण फेडता आले नाही तरी ते मान्य करता येते, आणि मान्य करण्याची पहिली पायरी म्हणजे त्याची नोंद ठेवणे.

मर्यादा मान्य करूनही मागे राहिलेल्याचा विचार कसा करावा, याचा एक पाठ आपल्या घरीच आहे. आषाढीला पंढरपुरात दर्शनबारी किती लांबते, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावयास नको. गाभारा लहान आहे, तास चोवीसच आहेत. सर्वांना चरणस्पर्श घडणे अशक्य. म्हणून पदस्पर्शदर्शनाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. ज्याला त्याही रांगेत उभे राहणे शक्य नाही, तो नामदेव पायरीशी माथा टेकतो, दुरून कळसाला हात जोडतो. आणि त्याची वारी अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. आधुनिक प्रणालींच्या रचनेतही हे तत्त्व आता मान्य झाले आहे. भार असह्य झाला म्हणजे प्रणालीने कोसळू नये, थोडे कमी द्यावे, पण हाती काहीतरी द्यावे. त्या आजींना संपूर्ण खाते न उघडताही त्या महिन्याची रक्कम देता आली असती. ‘आज एवढेच, बाकीचे उद्या’ असे सांगता आले असते. तशी सोय करणे अवघड नव्हते. ती सुचली नाही, कारण तक्त्यात त्या कोठेच नव्हत्या.

आणि पंढरीच्या कथेतला आणखी एक अर्थ मला या संदर्भात अस्वस्थ करतो. जगात वाट पाहणे दुबळ्याच्या वाट्याला येते. साहेब थांबत नाही, अर्जदार थांबतो. पुंडलिकाच्या कथेत मात्र उलट घडले. तो आईबापांच्या सेवेत गुंतला होता. दारी आलेल्या देवाला त्याने वीट दिली आणि थांबण्यास सांगितले. देव थांबला. अठ्ठावीस युगे तो तसाच उभा आहे, ही महाराष्ट्राची श्रद्धा आहे. जो सर्वांत समर्थ, त्याने वाट पाहावी आणि ज्याच्या हातचे काम खोळंबू नये, त्याला ते पुरे करू द्यावे, ही कल्पना ज्या समाजाने इतकी वर्षे उराशी बाळगली, त्याच्या कचेऱ्यांत रांगेचे गणित इतके निराळे का असावे?

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. त्या शाखेतून परतल्यावर मी एवढेच केले, की पुढच्या प्रत्येक अहवालात ‘अपूर्ण’ हे सदर शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर आणले, आणि सोडून दिलेल्या प्रत्येक व्यवहाराला, तो सोडून देईपर्यंत गेलेला वेळ लावला. आकडे वाईट दिसू लागले. एका बैठकीत मला विचारले गेले की प्रणाली अचानक मंद कशी झाली? ती मंद झाली नव्हती. परातीपुढून जे परत गेले होते, त्यांच्याकडे आम्ही आता कोठे पाहू लागलो होतो.